चेंडू परत येतो

आमच्या घरात आम्ही चौघं. पाचवा ओतिलिओ,
पण त्याचं ताट कुणी मांडत नसे.
चुलीमागे ओल्या लोकरीचा वास सुटला
की समजायचं, तो आलाय.

फार वर्षांपूर्वी, हे घर दुसऱ्यांचं होतं तेव्हा,
खाडीत होडी उलटली. तो बारा वर्षांचा होता.
बाबांना एवढंच ठाऊक.
बाकीचं मला त्यानंच सांगितलं:
होडीत बटाट्यांची पोती होती,
आणि पायातला एक बूट भावाचा होता.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर सुरीनं कोरलेल्या माझ्या रेघा.
दर जूनमध्ये, सान हुआनच्या दिवशी, बाबा म्हणायचे,
"एर्मिंदा, टाचा टेक."
त्याची रेघ एकच. रंगाच्या तीन थरांखाली,
डोळ्यांना नाही, बोटाला दिसते.

सात वर्षांची होते तेव्हा मी त्याच्या खांद्याला लागायचे.
त्यानं मला शिंपल्यातून शिट्टी वाजवायला शिकवलं,
पत्त्यांत लबाडी करायला,
आणि वारा फिरण्याआधी कोंबड्या कशा गप्प होतात
ते ऐकायला.
बाराव्या वर्षी आम्ही डोळ्याला डोळा.
"आता थांब," तो म्हणाला.
"थांबते," मी म्हणाले. अगदी शपथेवर.

हाडं कुणाची शपथ पाळतात?
मी पाय पोटाशी घेऊन झोपले, अर्धं जेवण टाकलं,
तरी झगा गुडघ्यावर चढला.
बाबांच्या आधी त्याला कळलं.
तीन दिवस माझा डावा बूट सापडला नाही.

त्याच हिवाळ्यात कडा खचला,
निम्मं अंगण पाण्याच्या पिंपासकट समुद्रात गेलं.
घर हलवायचं ठरलं. आमच्या चिलोए बेटावर घरं हलवतात,
अख्खी, छपरासकट. त्याला मिंगा म्हणतात:
गावानं हात लावायचा, पैशाचं नाव काढायचं नाही,
शेवटी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं.

आठ बैलजोड्या आल्या. खिडक्या काढल्या,
घर दुधाचे दात पडलेल्या पोरासारखं हसायला लागलं.
चूल निघाली. तिच्या जागी, राखेच्या चौकोनात,
तो बसून होता.
"बैल त्यालाही ओढतील ना?" मी एवारिस्तोकाकांना विचारलं.
कोण, कुणाला, त्यांनी विचारलं नाही.
दोर आवळत म्हणाले,
"बैल लाकूड ओढतात, पोरी. माणसाला विचारावं लागतं."

मी विचारलं.
"खाडीतून?" एवढंच म्हणाला तो.

तरंगत्या घरात कुणी थांबायचं नसतं.
मी थांबले.
भरती आली, पिंपं बांधलेलं घर डुललं,
पुढे लाँच फटफटत होती,
फळ्यांच्या फटींतून पाणी जिभा काढत होतं.
तो थरथरत माझ्या अंगाशी आला,
आणि माझी हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकली.

तेव्हा कळलं, हा लहान आहे.
सगळी वर्षं लहानच होता,
मीच मान वर करून बघत होते.

ती जागा आली. मला कुणी दाखवली नाही,
त्याच्या बोटांनी माझी बाही पिरगळली त्यावरून समजलं.
धीराचं काही सुचेना. मग त्याचीच जुनी लबाडी केली:
मुठीतून राजा काढला, म्हटलं, "तू हरलास."
तो चिडला. चिडता चिडता जागा मागे गेली.
पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत तो झोपला होता.
मी त्याला झोपलेलं कधीच बघितलं नव्हतं.

आईनं मला शोधून काढलं तेव्हा आधी रडली,
मग जे काय बोलली ते सगळ्या गावानं ऐकलं.
त्या संध्याकाळी मी मोठ्यांच्या बाकावर बसून जेवले.

आता चौदावी रेघ त्याच्या रेघेच्या चार बोटं वर आहे.
हल्ली लोकरीचा वास कमी येतो,
किंवा मला कामं जास्त असतात.
घर नव्या खांबांवर जरासं तिरकं बसलंय.
जमिनीवर चेंडू ठेवला की आपोआप घरंगळत
चुलीमागे जातो.
कधी कधी
चढावरून परत येतो.