‘एल’चा तुटवडा

नॉरिच, सतराशे पंचाण्णव, फेब्रुवारी.
शाई थिजलीय. मी भांडं चुलीशी सरकवते.
नवरा गेला तेव्हा माझ्या वाट्याला आलं एक दाबयंत्र,
सव्वा पेटी खिळे,
आणि कुणाकुणाचं किती देणं, ते तोंडपाठ.

सकाळी पुढच्या दाराने रेव्हरंड पॉस्विक.
फ्रेंच म्हणजे सैतान, राजा म्हणजे बाप,
युद्ध म्हणजे औषध.
दोनशे प्रती. रोख.

तिन्हीसांजेला मागच्या दाराने एबनेझर थर्टल, विणकर.
औषध आम्ही प्यायचं
आणि गुण कुणाला?
तीनशे प्रती. पैसे शनिवारी,
कुठल्या शनिवारी ते विचारायचं नाही.

त्यांची निष्ठा, ह्याचं स्वातंत्र्य.
आमच्या भाषेत दोन्हींचं पहिलं अक्षर ‘एल’,
आणि मोठे ‘एल’ माझ्याकडे एकोणीसच.
निष्ठा छापून झाली की सोडवायची,
राखेच्या पाण्यात खळखळून धुवायची,
मग त्याच खिळ्यांनी स्वातंत्र्य जुळवायचं.
त्यातला एक टाचेत मोडलाय.
दोन्ही पत्रकांत तो सारखाच लंगडतो.
मॅजिस्ट्रेटचा कारकून चष्मा पुसायला लागला
की माझ्या पोटात गोळा येतो.

रात्री ‘आंधळा मेंढा’मध्ये थर्टल बाकावर चढतो.
कुणीतरी ओरडतं, एवढं प्रेम असेल तर पॅरिसला जा!
भाडं दे, आत्ता निघतो.
खोखो हसतात सगळे.
मग कुणी पावाचा भाव काढतं
आणि नुसता मगांचा आवाज.

मी बोलत नाही. माझा जोनास आरमारात आहे.
यारमथच्या धक्क्यावरून उचलला त्याला,
हातात बांगड्यांची टोपली होती म्हणे, ती तिथेच राहिली.
पोराला खिळ्यांतलं उलटं वाचता येतं,
सुलट्याआधी उलटंच शिकला तो, माझ्या गुडघ्याशी बसून.

त्याचं पत्र आलंय, खाऱ्या पाण्याने पुसट.
आई, इथे काडतुसं रद्दीत वळतात.
दातांनी फाडताना काल
तुझा मोडका ‘एल’ दिसला.
पुढचं वाचणार तोच वरून हुकूम आला.

एवढंच.
कुठल्या शब्दाचा, ते लिहिलं नाही त्याने.

रद्दी मीच विकली होती मार्टिनमसला,
वजनावर, गठ्ठा न सोडता.
त्या पैशांच्या मेणबत्त्या घेतल्या.
त्यातली शेवटची आज पेटवलीय.
थर्टलला पान उद्या हवंय,
आणि पहिल्याच ओळीत तीन ‘एल’.