नऊ महिन्यांची ओहोटी

बामणोलीच्या धक्क्यावर विहीणबाईंनी
आधी बोटीच्या कडेवर थाप मारून पाहिली,
बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी.
"फायबर," म्हणाल्या, आणि पुढं काही बोलल्या नाहीत.
मी एस.टी.च्या सातारा डेपोत चौतीस वर्षं इंजिनं उघडली,
तरी त्या एका शब्दानं माझीच नाचक्की झाली.

दाभोळच्या खारव्यांच्या घरची बाई,
नारंगी जाकीट घालायला तयार होईना.
"मावशी, नियम हाय," बोटवाला गेनू उतेकर म्हणाला.
घातलं शेवटी. बंद मात्र बांधले नाहीत.

बोट निघाली. त्यांनी बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
"गोडं हाय ओ, व्याही!"
तक्रार होती ती. मीठ विसरलेल्या आमटीची असावी तशी.
"खाडी दाखवतो म्हणालात.
हिला ना वास, ना चिखल, ना कसली घाई."

पुढं एका फाट्यात गेनूनं इंजिन बंद केलं.
डोंगर दोन्हीकडून इतका जवळ
की आमचं बोलणं परत येऊन आमच्याच मांडीवर बसलं.
पाण्यात उभी वाळकी झाडं.
एकावर पाणकावळा, पंख वाळत घालून.
खंड्या दिसला तेव्हा मात्र त्या हसल्या,
"हा आमच्याकडचाच."

मग त्यांचं लक्ष काठाकडे गेलं.
तांबड्या मातीवर पाण्याच्या जुन्या रेघा,
एकीखाली एक, थेट पाण्यापर्यंत.
त्या रेघा मी दहा वेळा पाहिल्या असतील,
त्यांनी वाचल्या.
"ओहोटी लागलीय. कधीपासनं?"
"गणपती झालं की लागती," गेनू म्हणाला,
"ती मिरगापातूर."
"म्हंजे नऊ म्हयने?"
"नऊ."

बराच वेळ त्यांचा हात पाण्यात तसाच.
मग माझ्या सुनेकडे न बघता म्हणाल्या,
"आमच्यात गेलेलं सहा तासांत परत येतं.
हर्षाली, तू कशी गं राहतेस इथं?"
ती अंडी सोलत होती.
टरफलं तिनं पाण्यात टाकली नाहीत,
पिशवीत ठेवली. पिशवीला गाठ मारली.
मग दुसरी गाठ मारली.

बोलायचं म्हणून गेनू बोलला,
की हे पाणी घाटावर थोडंच राहतंय,
डोंगराच्या पोटातनं बोगद्यानं खाली जातं,
पोफळीला वीज करतं,
आणि तिथनं वाशिष्ठीत.
"वाशिष्ठीत?" विहीणबाई ताठ बसल्या.
"मग ती तर आमच्याच खाडीत येते!"
एवढं म्हणून त्या पाण्याकडे अशा बघू लागल्या
जसं कुणी चुलत्याच्या लग्नात अनोळखी पोराला विचारावं,
तू रे कुणाचा?

पिशवीतून नारळ काढला.
घरून आणलेला. सकाळी धक्क्यावर द्यायचा होता,
पण भरती नाही तिथं नारळ कुणाला देणार, म्हणून ठेवलेला.
"सोडू का? पोचेल?"
गेनूनं खरं ते सांगितलं,
"नारळ जाळीला अडकंल, मावशी. पाणी जाईल."
"मग पाणीच धाडते."

नांगराच्या लोखंडावर त्यांनी तो एका घावात फोडला
(गेनूनं डोळे मिटून घेतले होते, बोटीच्या काळजीनं)
आणि नारळाचं पाणी बारीक धारेनं सोडलं,
जणू खाली कुणी ओंजळ धरून बसलंय.
हर्षालीनं आईच्या मनगटाला हात लावला. तेवढाच.
खोबरं आम्ही भाकरी-चटणीबरोबर खाल्लं.
गेनूनं दोन तुकडे मुलासाठी खिशात टाकले.

परतताना त्यांनी जाकिटाचे बंद बांधले,
कुणी सांगितलं नव्हतं.

होळीनंतर मी फोन केला. खरं तर हिनं लावला,
पण मीच ओढून घेतला.
"काय विहीणबाई, पोचलं का?"
पलीकडून वारा, मग भांड्यांचा आवाज, मग त्या:
"आत्ता सुकती हाय, व्याही.
भरती रात्री. चव घेऊन
उद्या सांगते."