डागांची वही

सित्रात आलो तेव्हा दोरीवर एकच रंग होता.
तीनशे बॉयलर सूट, सगळे निळे,
आणि सगळ्यांवर एकच डाग, तेलाचा.
गरम पाणी, सोडा, वरून रॉकेलचा बोळा,
एवढं शिकलो, दुसरं काही शिकलो नाही.
गरजच नव्हती.

गाळ्याचा मालक खलफ म्हणायचा,
माझ्या आज्यालाही नव्हती.
श्वास कोंडून तळाशी जायचा, शिंपले घेऊन वर यायचा.
एका हंगामात मोत्यांचे दलाल आलेच नाहीत.
होडी सरपणाच्या भावाने गेली.
मी हसलो होतो. इस्त्री तापलेली होती.

मग पिंपाचा भाव पडला
आणि महिन्याभरात दोरी रिकामी.
एक्याऐंशी सूट न्यायला कोणी फिरकलंच नाही.
चहावाला, न्हावी, खोल्या भाड्याने देणारा कुन्हाली,
सगळे एकाच खुंटीला टांगलेले,
खुंटी निखळली तसे एकदम खाली.
त्या वर्षी बायकोचा एक डाग
खेडच्या पतपेढीत गेला.
तो सोडवायला चार वर्षं लागली.
सोडा, रॉकेल, काहीच चाललं नाही.

आता वहीत पानं वेगळी करावी लागतात.
अ‍ॅल्युमिनियमची भुकटी: आधी झटकायची, मग भिजवायची.
बिस्किट कारखान्याचं तूप.
गोदीतला गंज, त्याला लिंबाचं सत्त्व.
आणि काचेच्या त्या नव्या इमारतीत
संगणक गार ठेवणारी पोरं,
थंडीत बसतात, तरी कॉलरला घाम.
गेल्या उन्हाळ्यात पिंप पुन्हा घसरलं.
दोरी हलली, तुटली नाही.
भाडं त्या महिन्यात बिस्किटांनी भरलं.

तक्त्यावर दाखवत असतील कोणी साहेब कोणाला:
बघा, शहराला आता किती पाय.
खरं आहे. मलाही झोप लागते.
पण गिऱ्हाइकाला अजून एकच पाय,
तोही व्हिसाच्या कागदावर टेकलेला.

परवा तिलबहादूर आला.
रिफायनरीतून सुटला, भट्टीवर लागला,
पगार बारा दिनार कमी.
सूट तोच. म्हणाला, जुना बिल्ला उसवून नवा लाव.
ब्लेडने एकेक टाका काढला.
खालून कापड निघालं
अकरा वर्षांपूर्वीचं निळं,
तसं आता माझ्या दोरीवर कुठेच नाही.

नवा बिल्ला जरा लहान होता.
शिवला, तरी कडेने ते दिसत राहिलं.