पोच

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
एका पायाखाली वीट.
एकवीस वर्षं अर्ज टाइप करतोय;
तुम्ही विषय सांगा, बाकी मजकूर मला पाठ आहे.

हिरामण निरगुडे आला तोच मान कलती करून,
भरलेला जार अजून खांद्यावर असल्यासारखा.
नाकाबंदीत विचारलं, टेम्पोत काय?
म्हटलं, पाणी.
त्यांना वाटलं मस्करी करतोय.
मग कानाखाली.
तेव्हापासून डाव्या कानात कुणी कुकर लावलाय,
शिट्ट्या होतात, उतरवत कुणी नाही.

मी टाइप केलं : श्रवणशक्तीवर परिणाम झाला आहे.

बक्कल नंबर?
थंडी होती, जर्किनखाली झाकलेला.
शेवटचे दोन दिसले, एक आणि नऊ.
नाव?
बाकीचे आप्पा म्हणत होते.
आप्पा चालत नाही अर्जात.
मी लिहिलं : संबंधित.

तीन प्रती. एकीवर गोल शिक्का, आवक क्रमांक,
आणि वाचता येऊ नये म्हणूनच घोटलेली सही.
हिरामणनं ती पोच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली,
गाडीच्या कागदांत.

अर्ज आयुक्तालयातून निघाला,
‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ एकेक पायरी उतरत
पोचला त्याच चौकीत
जिथून नाकाबंदीला माणसं सुटतात.

सुनावणीला बोलावलंय, म्हणाला,
आणि त्या शब्दाला स्वतःच हसला.

परत आला तो पुढच्या बुधवारी.
चहा दिला त्यांनी. कटिंग नाही, फुल.
आप्पाच घेऊन आले होते.
जवळून म्हातारे दिसतात हो,
दाढीचे खुंट पांढरे, डोळे रात्रपाळीचे.
शेजारी बसले. हळूच काहीतरी बोलले.
काय?
डाव्या बाजूला बसले होते.

जबाब आधीच लिहून ठेवलेला :
माझी कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही.
सही केलीस?
सातपूरला अठ्ठावीस जार उतरवायचे होते, साहेब.

आज पत्र घेऊन आलाय.
‘आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.’
मी मोठ्यानं वाचलं; चहावाला वळून बघायला लागला.
हिरामण उठला, जागा बदलून बसला,
उजवा कान माझ्याकडे.
म्हणाला, पुन्हा वाचा.
पुन्हा वाचलं.

आप्पा काय बोलले, ते आहे का यात?

कागद उलटा करून पाहिला मी. उगाच.
मागची बाजू कोरीच असते.