मुक्कामी गाडी

सासऱ्यांनी बत्तीस वर्षं सोलापूर विभागात
एस.टी.ची वेळापत्रकं लिहिली.
म्हणून जेवताना, झोपताना, दात घासतानासुद्धा
ते आधी मनगटाकडे बघतात, मग आपल्याकडे.

मंगळवेढ्याच्या पुढे, काळ्या रानात,
महानंदा बिराजदारांच्या वस्तीवर आम्ही उतरलो
तेव्हा ते म्हणाले,
"नऊ-वीसला पोचायला हवं होतं."
"आलासा न्हवं? मग बसा की,"
म्हणत महानंदाबाई म्हशीला हाक मारायला गेल्या,
कानडीत.
माणसांशी मराठी, जनावरांशी कानडी,
इंडीहून लग्न होऊन आल्यापासूनची वाटणी.

मी कागद छापून आणला होता :
पहिल्या दिवशी हुरडा, दुसऱ्या दिवशी बैलगाडी,
तिसऱ्या दिवशी सांगोला, डाळिंबाची बाग, तिथं दोन रात्री.
त्या कागदावर वृषालीनं शेंगा फोडल्या
आणि टरफलांसकट तो आगटीत गेला.

त्या आगटीभोवती आम्ही किती वेळ होतो
सांगता येणार नाही.
गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची,
काढायची, चोळायची, फुंकायची.
तळहात भाजत असताना बोलता येत नाही,
एवढं लक्षात आहे.
वृषाली आणि मी असे न बोलता,
भांडण नसताना,
खूप दिवसांनी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी नव्हती.
एका बैलाचा खूर दुखत होता.
"मग काय करायचं?" कैवल्यनं विचारलं.
"खूर बरा व्हायची वाट बघायची," रेवणसिद्ध म्हणाला
आणि खरंच बांधावर बसून राहिला.
कैवल्यही बसला. आधी पाय हलवत, मग न हलवत.
त्याची एक गोटी रानातल्या भेगेत गेली.
कोपरापर्यंत हात घातला, लागेना.
"पावसाळ्यात भेग मिटंल.
मग कवातरी नांगराला लागंल. न्हाईतर न्हाई."
नऊ वर्षांच्या पोराला इतक्या लांबचा वायदा
आजवर कुणी केला नव्हता.
त्याला तो पटला.

इथल्या ज्वारीला पाणी देत नाहीत.
पाऊस पडून जातो, पेरणी होते,
आणि पुढं जमिनीला जेवढं आठवतं
तेवढ्यावर कणीस भरतं.
मी हे तीनदा विचारून घेतलं.
वाटत होतं, यात काहीतरी सांगायचं राहिलंय.

तिसऱ्या दिवशी सांगोल्याला फोन केला.
येत नाही म्हणालो, ॲडव्हान्स राहू द्या.
डाळिंबवाला रागावला नाही.
"मग आता पुढच्या बहाराला या," म्हणाला,
बहार म्हणजे जणू तारीखच.

अंधार पडल्यावर गावाकडच्या रस्त्यानं
दोन दिवे हलत हलत आले.
सासरे उठून उभे राहिले.
"मुक्कामी," म्हणाले, घड्याळ न बघता.
ह्या गावाच्या नावापुढं त्यांनी दर साली,
नव्या तक्त्यात, एक चांदणी काढली होती :
रात्री येणारी, सकाळी सुटणारी गाडी.
मधल्या तासांचा रकाना कोरा.
गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

टॉर्च घेऊन ते चालत गेले.
बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी.
ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात
अंथरूण टाकत होते.
कैवल्य मागोमाग गेला होता, त्यानं सांगितलं :
आजोबांनी ओळख दिलीच नाही,
नुसते गाडीच्या पायरीवर बसले,
एकदा टायरवर हात ठेवला,
गरम होता म्हणाले.

नातवाला आणून सोडून
ते पुन्हा बाहेर बसले, पुष्कळ वेळ.
आत आले तेव्हा मी एकटाच जागा.
"किती वाजले?" विचारलं, सवयीनं.
त्यांनी दाराबाहेर पाहिलं,
ज्वारीच्या वर जो काळोख होता तिकडं.
"गार पडलंय," म्हणाले.
"पोराच्या अंगावर घाल काहीतरी."