तिरकी रेघ

आमच्या गावात मोबाईल वाजत नाही.
कारूच्या माळावर पांढऱ्या थाळ्या
कान देऊन बसल्यात, त्यांना कुजबुज खपत नाही.
बोलायचंच तर भिंतीवरचा वायरचा फोन,
नाहीतर समोर जाऊन उभं राहायचं.

गुरुवारी शेवटच्या तासाला
मिस येफ्ता संगणकाच्या खोलीचं कुलूप काढतात
आणि केपटाउनहून आलेली चित्रं वाटतात,
प्रत्येकी चाळीस.
करड्या चौकोनात करडे ठिपके,
लोकरीत अडकलेल्या कुसळांसारखे.
त्यात मेलेल्या ताऱ्याची नाडी शोधायची.
नसली तर लिहायचं: गोंगाट.

सप्टेंबरपासून मी गोंगाट लिहितोय.
गोंगाट. गोंगाट. विमान. गोंगाट.
एकदा नुसतंच, "उपग्रह, बहुतेक."
ऑब्री म्हणतो, एवढा गोंगाट
माझ्या प्रगतिपुस्तकावरून आईनेही केला नव्हता.

मग एका गुरुवारी सदतिसावं चित्र.
उभी, काळी, ठसठशीत रेघ,
पट्टी धरून ओढल्यासारखी.
दर सव्वा सेकंदाला एक ठोका, एकही चुकलेला नाही.
माझी खुर्ची मागे पडली, ती मी उचलली नाही.
घरी पोचेपर्यंत बारसंही उरकलं होतं:
आजोबांच्या नावाने, कूस तारा.
बेकरीवाल्या बाईंनी फुकट बन दिला, मनुके घातलेला.

नियम असा की प्रत्येक चित्र तिघांनी बघायचं.
ऑब्रीने लिहिलं, तारा.
मी लिहिलं, तारा, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं.
तिसरी रोझेल्डा स्वार्टबोय,
नववीत दुसऱ्यांदा बसलेली,
सोमवारी न येणारी, कारण सोमवारी
मामाच्या फार्मवर मेंढ्या मोजायच्या असतात.
तिने लिहिलं: गोंगाट.
खाली बारीक अक्षरात: कुंपण.

मी भांडलो. बरंच काही बोललो,
नववीबद्दलही बोललो.
ती पेन्सिलीला टोक काढत राहिली.
म्हणाली, लांबून येणारं असं एका दमात येत नाही.
वाटेत काही ना काही पसरलेलं असतं.
वरच्या पट्टीतलं आधी पोचतं,
खर्ज रेंगाळत मागाहून येतो,
म्हणून रेघ तिरकी पडते.
मिसनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
तू खिडकीबाहेर बघत होतास.
हे सगळं एकदमच आलंय, दारातून हाक मारल्यासारखं.
आणि सव्वा सेकंद मला ठाऊक आहे,
असं म्हणून तिने कोपर चोळलं.

शनिवारी मिसच्या बक्कीत मागे बसून गेलो,
चाळीस किलोमीटर, दात एकमेकांवर आपटत.
कोल्ह्यांसाठी लावलेली विजेची तार,
एका खांबावर फुटलेली चिनी मातीची वाटी,
आणि तिथे, उन्हात जेमतेम दिसणारी, निळी ठिणगी.
टक्.
रोझेल्डाने गवताची ओली काडी तोडली,
तारेवर टेकवली, माझ्या हातात दिली.
टक्.
मी मोजलं. मी पुन्हा मोजलं.
मामा म्हणाला, कोल्हे तरी घाबरतात हिला.

जानेवारीत केपटाउनहून पत्र आलं.
वाटी बदलली, त्या बाजूच्या कित्येक रात्री
आता स्वच्छ ऐकू येतात.
सोबत एक लांबलचक तक्ता, गोंगाटांचा,
कोणता कुठून येतो आणि कुणी ओळखला.
एकशे बाराव्या ओळीत स्वार्टबोय, र.,
शाळेच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
तिने ते पेनाने दुरुस्त केलं
आणि चाळिसातलं पहिलं चित्र उघडलं.
त्यावर ती बराच वेळ थांबली.
मी विचारलं नाही.

बेकरीवाल्या बाई अजून विचारतात,
कूस कसा आहे रे?
मी म्हणतो, बरा आहे.
वाटलं होतं त्याहून बराच जवळ निघाला.
बनचे पैसे त्यांनी मागितले नाहीत,
मीही खिशात हात घातला नाही.