साक्ष

शाहूपुरीत गुळाच्या रिकाम्या गोदामात आमची तालीम.
भिंतींना अजून गोडूस वास,
मुंग्या पेटीच्या भात्यापर्यंत येतात.
कृष्णात मास्तरांनी खडूनं फरशीवर रूळ आखलेत:
इकडं मिरज, तिकडं कोल्हापूर,
मधे रुकडीचा पूल म्हणून दोन बाकडी.
शब्द माझे.
मला त्यांचा जरा गर्वच होता.

गण झाला. गवळणीला फाटा.
मग कोरस, डोक्यावर पाट्या,
"घाल रं भराव, घाल रं माती,"
उमर मुजावरच्या ढोलकीवर
आठ जण एका पायावर गिरकी घेतात,
आणि पाट्या रिकाम्या असल्यानं
फार सुरेख घेतात.

दुर्गव्वा विटकर कोपऱ्यात पोत्यावर बसलेली.
तिला आणलं होतं, खरं सांगायचं तर, फोटोपुरतं.
वडारवस्तीतली म्हातारी,
पणजा या रुळाखालच्या भरावावर राबलेला,
पत्रिकेत छापायला बरं.
चहा बशीत ओतता ओतता ती म्हणाली,
"गानं म्हनत न्हवतं कोन.
तोंड उघडलं की माती जाती."

ढोलकी थांबली.
"मग काय करायचे, आज्जी?"
"मोजायचे."

खड्डा खणायचा,
पण मधे एक खांब तसाच सोडायचा,
न खणलेल्या मातीचा, छातीएवढा.
त्याला म्हणायचं साक्ष.
शनिवारी मुकादम गज घेऊन येणार,
साक्षीची उंची ती खड्ड्याची खोली,
तेवढाच पैका.
आणि शुक्रवारी रात्री
कुणीतरी साक्षीचं डोकं छाटून जायचं.
वीतभरच.
वीतभर म्हणजे चार दिवसांचा जोंधळा.

"मग पनजी माथ्यावरच्या गवताला पानी घालाय लागली.
खनायच्या आधीचं गवात त्ये.
हिरवं हाय तवर साक्ष खरी.
छाटली तर गवात कुठनं आननार?"
बशी खाली ठेवली. हसली. दात दोनच.
"त्येनं गवात बी आनून लावलं की.
दुसऱ्या जातीचं. पनजीनं वळखलं."
"मग?"
"मग काय. हुबळीकडं गेली समदी.
पुढच्या कामावर."

कुठून तरी तेलंगणातून चालत आलेली तिची भाषा
रस्त्यात सांडत सांडत
तिच्यापर्यंत एका शब्दाची उरलीय:
नीळ्ळु.
पाणी.

त्या रात्री मास्तरांनी कोरसच्या आठ ओळी काढल्या.
मी भांडलो. चांगला तासभर भांडलो.
त्याच ओळींवर टाळी आहे, म्हणालो.
"म्हणूनच," म्हणाले,
आणि गोदामाला कुलूप लावलं.

प्रयोग रुकडीत, स्टेशनामागच्या पटांगणात.
पाट्यांत खरी माती.
आठ जण तोंडाला फडकी बांधून
आले गेले, आले गेले.
उमरचे हात ढोलकीवर पालथे.
ऐकू येत होते ते पाय,
आणि मागून कुणाचं तरी पोर,
"आवाज बंद पडला काय?"
मधोमध मातीचा खांब, वर गवताचा तुकडा
दुर्गव्वानं सकाळीच पारखून दिलेला.
मिरजेची गाडी भरावावरून गेली
आणि खिडक्यांचा उजेड
एकेक करून गवतावरून सरकला.
टाळी नाही.

मग म्हातारी पहिल्या रांगेतून उठली,
तांब्या घेऊन,
चपला कडेला काढून वर चढली.
नाटकात हे नव्हतं.
मास्तर विंगेतून हात करत राहिले.
तिनं गवतावर सावकाश पाणी घातलं,
काहीतरी पुटपुटली,
एकच शब्द असणार,
आणि आली तशी खाली जाऊन बसली.

माझ्या आठ ओळी वहीत आहेत अजून.
चांगल्या आहेत.